बाळंतिणीच्या कंबरेची नोंद कुठल्या वहीत होते?

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव,
आणि जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, नर्सताई, आशाताई व अंगणवाडीताई यांना,

सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं. घरी ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. मशीन पायानं चालवायचं आहे. माझी मुलगी आता सव्वा वर्षाची आहे. ती साडेतीन महिन्यांची असताना एका सकाळी मी पाण्याची कळशी उचलायला वाकले आणि डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. कळशी तिथंच सांडली. त्यानंतर चार महिने मला मशीनच्या पायडलवर डावा पाय ठेवता आला नाही. त्या चार महिन्यांत जे कळलं आणि जे फार उशिरा कळलं, ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितेय, कारण माझ्यासारख्या बायकाही ते वाचतील.

आधी एक गोष्ट सांगते, ती आपल्या सीमाभागाचीच आहे. आमच्याकडे रोटीबेटीचा व्यवहार राज्याची हद्द पाहून होत नाही. चंदगड, गडहिंग्लजच्या मुली खानापूर, बेळगाव, निपाणीत येतात, इकडच्या तिकडे जातात. पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाला बघायचं असतं. माझ्या माहेरची आशाताई, दवाखान्यातून घरी आल्यावर, ठरलेल्या प्रत्येक दिवशी आली. तिनं बाळाचं वजन केलं, ताप पाहिला, अंगावर पाजतेय का ते पाहिलं. मला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, टाके ओले आहेत का, छातीत गाठ आहे का, हे सगळं विचारलं. हे प्रश्न आईचा जीव वाचवणारे आहेत, त्यात एकही कमी करू नये. पण ते सहा आठवडे मी बाजेवर होते. आई पाणी तापवायची, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, डिंकाचा लाडू हातात द्यायची. कंबर दुखायला मी कंबर वापरलीच कुठं होती?

दुखणं सुरू झालं सासरी आल्यावर. बारसं झालं, तीन महिने भरले, बाळंतविडा घेऊन मी परत आले. पाणी, धुणं, भांडी, मुलीला कडेवर घेऊन चुलीपुढं बसणं, सगळं एकदम अंगावर आलं. आणि त्याच वेळी मी दोन्हीकडच्या वह्यांतून गळाले. माहेरच्या आशाताईंच्या ४२ दिवसांच्या भेटी संपल्या होत्या आणि सासरच्या आशाताईंच्या यादीत माझं बाळंतपण नव्हतंच. माझ्याकडे दोन कार्डं होती, इथलं तायी कार्ड आणि तिथलं माता-बाल संरक्षण कार्ड. दोन्हीतल्या एकातही माझ्या कंबरेबद्दल एक ओळ लिहिली गेली नाही. यात आशाताईंचा दोष नाही. त्यांना जे विचारायला शिकवलं, ते त्यांनी विचारलं.

घरात काय झालं तेही सांगते. सासूबाई म्हणाल्या, "पाठीत सुई टोचून घेतलीस, त्याचं हे." आमच्या गल्लीत सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या कंबरेचं खापर त्या सुईवर फुटतं. सुई टोचल्या जागी काही दिवस ठणका राहतो हे खरं. पण कमरेखाली भूल देण्याच्या इंजेक्शनानं महिनोन्‌महिने कंबर दुखत राहते, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. सुई न टोचलेल्या, साध्या बाळंत झालेल्या बायकांच्याही कंबरा तितक्याच दुखतात. हे दवाखान्यात कुणी स्पष्ट सांगत नाही. मग बाई पुढच्या खेपेला भूल घ्यायला घाबरते, आणि खरं कारण तसंच राहतं.

खरं कारण मला फार नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं. गरोदरपणात शरीरात सांधे-बंध सैल करणारी द्रव्यं वाढतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. तो सैलपणा बाळंतपण झालं की दुसऱ्या दिवशी जात नाही. पोटाचे स्नायू नऊ महिने ताणलेले, कधी मधोमध फाकलेले, म्हणजे पाठीला पुढून आधार नाही. त्यावर वाकणं, उचलणं आणि पाजणं. पाजण्याचाच हिशेब करून बघा. तान्हं बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. एका वेळेला वीस मिनिटं धरली तरी जवळजवळ पावणेतीन ते चार तास होतात. इतका वेळ मांडी घालून, भिंतीचा आधार न घेता, मान आणि पाठ वाकवून बसायला कुणी गड्याला सांगितलं तर तो तिसऱ्या दिवशी कंबर धरेल.

माझ्या बाबतीत मणक्यांमधली चकती सरकून नसेच्या मुळावर दाब आला होता. ती नस शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून आणि त्याखालच्या तिकोनी हाडातून, म्हणजे त्रिकास्थीतून निघालेल्या फांद्या एकत्र येऊन बनते आणि कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पावलापर्यंत जाते. म्हणून दुखण्याचं मूळ कंबरेत आणि ओरड पायात. खोकला, शिंक आली की कळ जाते, पायात मुंग्या येतात, एखादा पट्टा बधिर होतो. याला सायटिका म्हणतात. आमच्या भागात मात्र याचं एकच नाव ऐकू येतं, "मणक्यात गॅप". हा शब्द मला चार महिने झोपू देत नव्हता. मला वाटायचं माझ्या पाठीत भोक पडलंय, वाकले तर दोन तुकडे होतील. गॅप वगैरे काही नसतो. चकतीचा थोडा भाग बाहेर येतो आणि बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेशिवाय, काही आठवड्यांत ते दुखणं उतरायला लागतं. काहींना जास्त वेळ लागतो, मला लागला. पण "बरं होणारं दुखणं आहे" हे वाक्य पहिल्या दिवशी कानावर पडणं आणि चौथ्या महिन्यात पडणं, यात माझे चार महिने गेले.

आता भाषेबद्दल. हे मी भांडण म्हणून लिहीत नाही. तपासणीच्या बाकावर काय घडलं तेवढंच लिहिते. पहिल्या ठिकाणी डॉक्टर कन्नड बोलणारे होते, भले होते. त्यांनी विचारलं, "सोंट नोवु?" मी हो म्हटलं, कारण कंबरदुखी एवढं मला कळलं. पण दुखणं पायात उतरतंय, अंगठ्याशी मुंग्या येतात, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तरी कळत नाही, हे मला कन्नडमध्ये सांगता आलं नाही. मुंग्या येण्याला, बधिर होण्याला कन्नडमध्ये 'जोमु' म्हणतात हे मला नंतर कळलं. तो एक शब्द मला माहीत असता, किंवा "पायात मुंग्या येतात का?" हा एक प्रश्न त्यांना मराठीत माहीत असता, तर माझी कंबरदुखी आणि माझी सायटिका त्याच दिवशी वेगळी झाली असती. मलम आणि इंजेक्शन घेऊन मी घरी आले. ताप मोजायला भाषा लागत नाही, नसेचं दुखणं मात्र बाईच्या तोंडूनच कळतं. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या जिथं १५ टक्के किंवा जास्त आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं तत्त्व आहे. मी फलक मागत नाही. चार प्रश्नांची एक चिठ्ठी मागते, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी.

आणि मग दुधाचा विषय. साहेब, मॅडम, हा भाग कृपा करून नीट वाचावा.

दुसऱ्या ठिकाणी मला गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "गोळ्या चालू आहेत तोवर अंगावर पाजू नको." कुठल्या गोळ्या, किती दिवस, दुसरी गोळी चालेल का, काहीच नाही. मी नऊ दिवस पाजलं नाही. मुलगी रात्रभर रडायची. माझी छाती दगडासारखी झाली, ताप आला, दूध पिळून मोरीत ओतताना मी आणि सासूबाई दोघी रडलो. डब्याच्या दुधाला शिलाईचे पैसे गेले. नऊ दिवसांनी दूध निम्म्यावर आलं होतं, ते परत यायला तीन आठवडे लागले.

नंतर कळलं की यातलं काहीच लागत नव्हतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही वेदनाशामकं पाजणाऱ्या आईला देता येतात, दुधात त्यांचा फार अल्प अंश उतरतो. अर्थात ज्या बाईला पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब आहे तिनं आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. उलट ज्या गोळ्या खरोखर टाळायच्या, त्या सर्रास मिळतात. ट्रॅमाडॉल आणि कोडीन दुधातून उतरून बाळाला गुंगी आणू शकतात, श्वास मंदावू शकतो. पाजणाऱ्या आयांनी ही औषधं घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली दिला. आपल्याकडे ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी कंबरदुखीला दिली जाते, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणार कोण? झोप आणणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. आमच्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं, एकाच वाकळीत. गुंगीत असलेली आई कूस बदलते तेव्हा काय होऊ शकतं हे मला लिहायला लावू नका. एक्स-रे किंवा एमआरआय काढल्यानं दूध नासत नाही, लगेच पाजता येतं, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

एमआरआयवरून आठवलं. माझा एमआरआय पहिल्याच आठवड्यात काढला, घरच्यांनी काजूचे आलेले पैसे दिले. त्या फिल्मनं उपचारात काही फरक पडला नाही. धोक्याची लक्षणं नसतील तर सुरुवातीला तो लागतच नाही. ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही चकत्या फुगलेल्या दिसतात. जे लागत होतं ते त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेबलावर दोन मिनिटांत केलं. मला उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलला, किती अंशांवर कळ पायात उतरते ते पाहिलं. टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर उचलायला लावला आणि तो खाली दाबून ताकद बघितली. कापसानं दोन्ही पोटऱ्या चाचपल्या. गुडघ्यावर आणि घोट्यामागं छोटी हातोडी. एवढंच. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, ती आमच्या डोंगरपट्ट्यातल्या जांबोटीतही होऊ शकते आणि कणकुंबीतही.

त्यांनी आणखी एक फरक सांगितला, तो मी तेव्हापासून भेटेल त्या बाळंतिणीला सांगते. बाळंतपणानंतर कुल्ल्यात दुखणाऱ्या सगळ्याच बायकांना सायटिका नसते. बहुतेकींचं दुखणं कंबरेखालच्या, दोन्ही बाजूंच्या खळीपाशी असतं, माकडहाडाच्या वर, जिथं ओटीपोटाचं हाड त्रिकास्थीला जोडलेलं असतं. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून साडी नेसताना कळ येते, पण ती सहसा गुडघ्याच्या खाली जात नाही आणि मुंग्या येत नाहीत. ते सैल झालेल्या सांध्याचं दुखणं. त्याला कंबरेच्या खाली, कुल्ल्यांभोवती बांधायचा पट्टा आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम लागतो. आमच्या आज्या पोट बांधायच्या त्यात काही तथ्य होतंच, फक्त इतकं आवळायचं नाही की श्वास कोंडेल आणि खालच्या भागावर दाब येईल.

घरगुती उपायांना मी नावं ठेवत नाही. तेल लावून हलक्या हातानं चोळणं, शेक, याने मला खूप बरं वाटलं. पण पाय बधिर असेल तर विटेचा शेक चटका देऊन जातो आणि बाईला कळतही नाही. माझ्या पोटरीवर तो डाग अजून आहे. आणि नस बसवून देतो म्हणून कंबरेला हिसका देणारे असतात, त्यांच्याकडे बाळंतिणीला नेऊ नये. सैल सांध्यांवर हिसका म्हणजे आगीत तेल. महिनाभर पाय जमिनीला टेकवू न देता निजवून ठेवणं हाही उपाय नाही. दुखणं सोसेल इतकं चालत-फिरत राहिलेल्या माणसाची पाठ लवकर सुधारते, हे आता जगभर मानलं जातं.

मी काय केलं ते थोडक्यात. सकाळ-संध्याकाळ अंगणात चालणं, आधी पाच मिनिटं, मग वाढवत. उताणं झोपून गुडघे वाकवून श्वास सोडताना पोट आत घेणं. लघवी धरतो तसे खालचे स्नायू आवळून सोडणं. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं. पालथं झोपून छातीखाली उशी घेऊन थोडं कोपरांवर येणं, हे मला फार लागू पडलं, कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेत परत आली. बाईंनी आधीच सांगितलं होतं की कळ पायातून वर सरकत कंबरेत गोळा होत असेल तर ते चांगलं लक्षण, खाली पावलाकडं सरकत असेल तर तो व्यायाम लगेच थांबवायचा. प्रत्येकीला हाच व्यायाम चालेल असं नाही, म्हणून तर तपासणारं माणूस हवं. उठताना आधी कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठायचं. मुलीला उचलताना कंबरेत न वाकता गुडघे वाकवून, तिला छातीशी धरून उठायचं. कडेवर घेताना एकच बाजू नाही.

आणि पाजणं. सगळ्यात मोठा फरक इथं पडला. आई बाळाकडं वाकते, त्याऐवजी बाळ आईकडं आणायचं. भिंतीला टेकून बसायचं, कंबरेच्या पोकळीत वाकळीची गुंडाळी, मांडीवर जाड उशी, त्यावर बाळ, म्हणजे त्याचं तोंड आपोआप छातीशी येतं. खुर्चीवर बसलं तर पायांखाली पाट. रात्री कुशीवर निजून, पाठीमागे उशी आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. बाज झोळीसारखी लोंबत असेल तर खाली सतरंजी-गादीवर निजलेलं बरं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. पण बाळंतपणानंतर दवाखान्यात बाळाला कसं धरायचं हे दाखवतात, तेव्हा आईची पाठ कुठं टेकलीय ते कुणी बघत नाही.

आता ज्या बायका हे पत्र लिहिणार नाहीत त्यांच्याबद्दल.

माझी नणंद निपाणीत आहे. घरी बसून बीड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पानं, दोरा. सूप एकदा मांडीवर आलं की उठणं नाही, कारण पैसे हजार बीड्यांच्या हिशेबानं मिळतात. बाळाला पाजायचं तर सूप बाजूला ठेवून तशीच वाकते, पाजून झालं की परत सूप. तंबाखूच्या हातांचं वेगळंच. पगारी नोकरीतल्या बाईला कायद्यानं २६ आठवड्यांपर्यंत रजा आहे, घरी बीड्या वळणाऱ्या बाईची रजा तिची सासू ठरवते. खानापूरकडं तेच रोप लावणीचं. आषाढात चिखलात दिवसभर वाकून असलेल्या बायकांत चार महिन्यांची बाळंतीणही असते, बाळ बांधावर टोपल्यात. तिला "वाकू नको" म्हणून सांगणं मला तरी जमत नाही. "तासाला एकदा उभी राहा, हात कंबरेवर ठेवून मागं वाक, चार पावलं चाल" एवढं सांगता येतं, आणि तेवढ्यानंही फरक पडतो.

भीमगड अभयारण्याच्या आतली गावं आपणाला माहीत आहेत. पावसाळ्यात तिथून रुग्णाला खांद्यावर उचलून रस्त्यापर्यंत आणतात. तिथल्या बाईला फिजिओथेरपीसाठी आठवड्याला बेळगावला ये म्हणून सांगणं म्हणजे येऊ नको म्हणून सांगणं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून आम्हा बायकांना सरकारी बसच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण सायटिका असलेल्या बाईला खड्ड्यांतून दोन तास बसच्या मागच्या बाकावर बसणं हाच एक आजार आहे. मी प्रत्येक खेपेला बेळगावहून आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत घरी आले.

आणि एक गोष्ट, जिच्यात उशीर चालत नाही. दोन्ही पायांतली ताकद जाणं, बसायची जागा, म्हणजे जांघांच्या आतला आणि गुदाभोवतीचा भाग बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा भरलेली कळतच नाही असं होणं, शौचावर ताबा न राहणं. हे नसांच्या जुडग्यावर दाब आल्याचं लक्षण आहे. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न नेल्यास कायमचं नुकसान होऊ शकतं. बाळंतिणीत हे चुकण्याची भीती जास्त, कारण शिंकताना थेंब गळणं बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं आणि सगळं त्यातच जमा होतं. आशाताईंना हा फरक शिकवलेला असावा. पाऊल लटकं पडणं, तापाबरोबर पाठदुखी, रात्री निजल्यावर वाढत जाणारी आणि वजन उतरवणारी पाठदुखी, यांनाही "बाळंतपणाचं आहे" म्हणून घरी पाठवू नये. मणक्याचा टीबी आपल्या देशात अजून आहे.

आता मागणं. नवीन इमारत मागत नाही.

आशाताई बाळासाठी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात पुन्हा घरी जातात. दुखणं उभं राहतं ते नेमकं याच काळात. त्या भेटींत आईला विचारायचे चार प्रश्न जोडावेत. कंबर दुखते का? दुखणं गुडघ्याखाली उतरतं का? मुंग्या, बधिरपणा आहे का? लघवी-शौचाला काही वेगळं वाटतं का? आणि बाळंतपण कुठल्याही राज्यात झालं असो, जिचं बाळ गावात आलं ती त्या गावच्या आशाताईच्या वहीत यावी. चंदगडची आशाताई आणि खानापूरची आशाताई यांनी एकमेकींना एक फोन केला तरी हे होतं. त्यासाठी कुणाच्या तरी आदेशाची गरज आहे एवढंच.

आठवड्यातला एक दिवस तालुका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बाळंतिणींसाठी असावा. ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. जिथं ते माणूस आहे तिथं त्याच टेबलावर आमच्यासाठी दोन तास काढावेत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायका तपासणीला जमतात, त्या दिवशी वाट बघत बसलेल्या बायकांना कुशीवर वळून उठणं आणि टेकून पाजणं दाखवायला अर्धा तास पुरे.

आणि अंगणवाडी. कर्नाटकच्या मातृपूर्णा योजनेत २०१७ पासून गरोदर आणि पाजणाऱ्या आयांना अंगणवाडीत गरम जेवण ठरवून दिलेलं आहे. जिथं बायका जेवायला येतात तिथं त्या रोज एकत्र भेटतात, बाळासकट. दुसऱ्या कुठल्या जागी आपल्याला इतक्या बाळंतिणी एका वेळी मिळतील? जेवणाआधी दहा मिनिटं. तिथंच कॅल्शियमच्या गोळीचीही आठवण द्यावी. सरकार बाळंतपणानंतर सहा महिने दिवसाला दोन गोळ्या देतं. माझ्या त्या गोळ्या कपाटात पडून होत्या, कारण लोहाच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत एवढंच कळलं होतं, मग कधी घ्यायच्या ते नाही. पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळाकडं जातं, पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून येतं. आपल्या खानापूरची नाचणी त्यात सोन्यासारखी आहे. आंबील पिणारीला हे पटवायला व्याख्यान लागत नाही.

औषधांबद्दल एकच पान, दोन्ही भाषांत, प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि औषधाच्या दुकानात लावावं, पाजणाऱ्या आईला कुठली वेदनाशामक चालते आणि कुठली नाही. "पाजू नको" असं सांगण्याआधी ते पान एकदा बघितलं जावं.

माझ्या बाजूनं मी काय देऊ शकते तेही लिहिते. पाजायची उशी मी घरी बसवली आहे. जुन्या सुती साडीचा अर्धचंद्रासारखा कापलेला खोळ, आत गणवेश शिवून उरलेल्या चिंध्या ठासून भरलेल्या, वरचं कापड काढून धुता येतं. पोटाला लागते तिथं खोलगट, म्हणजे सिझरच्या टाक्यावर दाब येत नाही. आतापर्यंत गावातल्या अकरा जणींना दिली. खानापूर तालुक्यातल्या ज्या अंगणवाडीला हवी असेल तिला मी कागदाचा साचा कापून देईन, आणि पहिल्या पन्नास उशा स्वतः शिवून देईन, शिलाई न घेता. साड्या आणि चिंध्या तेवढ्या गोळा करून द्याव्यात. पाय आता पायडलवर व्यवस्थित चालतो.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक आई